खणातले पक्षी, पायातली चिठ्ठी : बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहाचा इतिहास

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली. सहा युरोपियन आणि दोन मराठी. हे दोघेही डॉक्टर. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठी व्याकरणकार दादोबांचे धाकटे भाऊ. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजातले वनस्पतींचे जाणकार. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या देशी औषधांची सूची त्यांनी केली होती. रखमाबाईंचा खटला आपल्याला माहीत असतो, पण त्या मुलीच्या पाठीशी उभे राहिलेले तिचे सावत्र वडील हेच सखाराम अर्जुन, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. दर महिन्याला भेटावे, कोणी काय पाहिले ते सांगावे, हाती काही चमत्कारिक प्राणी, कीटक लागला असेल तर तो आणून दाखवावा, एवढाच या आठ जणांचा बेत होता. सरकारचा हुकूम नव्हता आणि देणगीदाराची थैलीही नव्हती. हौशी माणसांच्या या बैठकीतून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी उभी राहिली.

बीड जिल्ह्यातल्या निसर्गप्रेमींच्या स्मरणिकेत मुंबईच्या संस्थेचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात, गोदाकाठच्या गाळपेरात, पाटोदा-आष्टीच्या माळांवर शंभर वर्षांपूर्वी काय उडत होते, काय धावत होते याचा पुरावा शोधायला निघालेल्या माणसाला शेवटी मुंबईत लायन गेटजवळच्या हॉर्नबिल हाऊसचा जिना चढावा लागतो. तिथे पुरावा मिळतोच असे नाही. तो का मिळत नाही, हेही या इतिहासातच आहे.

सुरुवातीला संस्थेला स्वतःची जागा नव्हती. भायखळ्याची वाट लांब पडत असे. जानेवारी १८८४ मध्ये हर्बर्ट फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने फोर्ट भागातल्या फोर्ब्ज स्ट्रीटवरच्या आपल्या पेढीतली एक खोली दिली, आणि संग्रह तिथे गेला. द्राक्षासवाच्या बाटल्यांच्या शेजारी अल्कोहोलमध्ये बुडवलेले साप! हा योग कोणी मुद्दाम जुळवून आणला असता तरी इतका साधला नसता. १८८६ मध्ये बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटवर हलले. फिप्सन पुढे वीस वर्षे सचिव राहिले. त्यांच्या पत्नी एडिथ पेची या कामा हॉस्पिटलच्या नामवंत डॉक्टर. संस्थेचे पहिले सचिव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म साताऱ्याचा. नोकरी जकात आणि मीठ खात्यात, आणि लेखणी अशी मिस्कील की बंगल्याच्या आवारातल्या कावळे-खारींवरची त्यांची पुस्तके आजही हसवतात. ‘एहा’ या टोपणनावाने ते लिहीत. जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचे जर्नल निघाले, त्याचे ते एक संपादक. ते जर्नल अजून चालू आहे.

१८९४ मध्ये कारवारहून धनेशाचे तीन महिन्यांचे पिल्लू संस्थेकडे आले. त्याचे नाव विल्यम ठेवले. पुढची सव्वीस वर्षे तो सचिवांच्या खुर्चीमागच्या पिंजऱ्यात राहिला. फळे खाई, उंदीर खाई, चेंडू फेकला तर चोचीत अचूक झेली. एकदा कोणाची तरी पेटती सिगार गिळून त्याने ढेकरही दिली नाही. १९२० मध्ये मात्र तारेचा तुकडा गिळला आणि तो दगावला. संस्थेच्या बोधचिन्हावर धनेश आहे, इमारतीला त्याचे नाव आहे. आपल्याकडे संस्थेला नाव द्यायचे म्हणजे एखाद्या अध्यक्षाचे किंवा देणगीदाराचे. इथे ते एका पक्ष्याच्या वाट्याला आले, हे मला फार आवडते.

पण या गमतीजमतीपलीकडचा खरा ऐवज खणांमध्ये आहे. संग्रहाचा खण बाहेर ओढला की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. मग दिसतात ओळीने उताणे निजवलेले पक्षी. पंख अंगालगत मिटलेले, पाय एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधलेले, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस. संग्रहालयाच्या काचेमागे फांदीवर बसवलेल्या पक्ष्यासारखे काचेचे डोळे नाहीत, ऐट नाही. पोटाला छेद देऊन आतले मांस काढायचे, कातडीला आतून औषध लावायचे, कापूस भरायचा, शिवायचे आणि वाळवायचे, अशी ही रीत. जुन्या काळी ते औषध म्हणजे सोमलाचा साबण असे, त्यामुळे जुने नमुने आजही जपून हाताळावे लागतात. आणि त्या बांधलेल्या पायांना एक चिठ्ठी लटकवलेली असते. गाव, तारीख, नर की मादी, मिळवणाऱ्याचे नाव, कधी मापे, कधी डोळ्याचा आणि पायाचा जिवंतपणीचा रंग, कारण हे रंग वाळल्यावर उडतात. बोटभर कागद, बारीक टाकाचे अक्षर, तपकिरी पडलेली शाई.

पक्षी आणि चिठ्ठी यांतले काय जास्त मोलाचे, असे मला विचाराल तर मी चिठ्ठी सांगेन. चिठ्ठी गळालेला पक्षी म्हणजे नुसता पिसांचा गोळा.

अशा नमुन्यांची संख्या आज सव्वा लाखाच्या घरात आहे. त्यांत सुमारे २९,००० पक्षी, २०,००० च्या आसपास सस्तन प्राणी, बाकी सरपटणारे, उभयचर आणि सर्वांत मोठा भरणा कीटकांचा. यांतल्या काही नमुन्यांना ‘प्ररूप’ नमुन्याचा मान आहे. म्हणजे एखाद्या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रथम ज्या नमुन्यावरून झाले, तोच तो. जगात कुठेही त्या जातीबद्दल वाद निघाला की निकाल या नमुन्यापाशी लागतो.

संग्रहाला शिस्त लागली ती १९११ पासून. तोपर्यंत ज्याला जे सापडेल ते तो पाठवी. वाघ-बिबट्याची कातडी भरपूर आणि उंदीर-चिचुंद्री जवळपास नाहीच, असा प्रकार. शिकाऱ्याला उंदीर मारण्यात कसली मर्दुमकी? डब्ल्यू. एस. मिलार्ड तेव्हा सचिव होते. त्यांनी पैसे उभे केले आणि देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी सुरू केली. पगारी संग्राहक नेमले, त्यांना बंदुकीबरोबर सापळे दिले. १९२३ पर्यंत चाललेल्या या पाहणीत, मधे महायुद्ध येऊनही, सुमारे २५,००० नमुने जमले. एक संच मुंबईत राहिला, बाकीचे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आणि इतरत्र गेले. लंडनमध्ये रॉटन नावाचे निवृत्त वनाधिकारी ते तपासून जर्नलात एकामागून एक अहवाल लिहीत राहिले. त्यांतला पहिला अहवाल आहे खानदेशचा. क्रम्प नावाचा संग्राहक १९११ मध्ये तिथे उतरला होता.

खानदेश हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येईल. तूर्त एवढेच म्हणतो की संग्रहातला महाराष्ट्र आणि भूगोलाच्या पुस्तकातला महाराष्ट्र एक नव्हेत. जिथे रेल्वे गेली, जिथे पक्ष्यांचा नाद असलेला कलेक्टर किंवा वनाधिकारी बदलून आला, तो मुलूख खणांत भरपूर आहे. खानदेशला जेम्स डेव्हिडसनसारखा पक्षीवेडा अधिकारी मिळाला. कारवार, रत्नागिरी, पुणे, नाशिक यांनाही कोणी ना कोणी भेटले. बीड निजामाच्या राज्यात. इथे इंग्रज अधिकारी फिरकण्याचे कारण नव्हते, आणि आपल्या लोकांना शेतातल्या धाविक पक्ष्याची चिठ्ठी लिहून ठेवावी असे वाटण्याचे काही कारण नव्हते. आपला मुलूख निसर्गात गरीब नव्हता. नोंदीत गरीब राहिला.

या दरम्यान मुंबईत आणखी एक घडामोड झाली. १० जानेवारी १९२२ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांसाठी खुले झाले. आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. पायाभरणी १९०५ ची. इमारत महायुद्धाआधी उभी राहिली, पण युद्धात तिथे लष्करी इस्पितळ होते. या संग्रहालयात मूर्ती, लघुचित्रे, शस्त्रे यांच्या जोडीला निसर्गविभाग हवा असे ठरले, आणि सोसायटीने आपल्या संग्रहातून तो उभारून दिला. एस. एच. प्रेटर हे सोसायटीचे क्युरेटर. त्यांनी पेंढा भरलेला प्राणी नुसता पाटावर उभा करण्याची रीत मोडली. मागे रंगवलेले रान, खाली खरी माती आणि गवत, आणि प्राणी आपल्या घरात असावा तसा, अशी दृश्ये मांडली. मराठवाड्यातून मुंबई पाहायला गेलेल्या कितीतरी पिढ्यांनी गेंडा पहिल्यांदा पाहिला तो या दालनात. एकाच छताखाली बुद्धाची मूर्ती आणि गवा पाहून निघालेल्या पोराला संस्कृती आणि निसर्ग ही दोन वेगळी खाती वाटत नाहीत, ही त्या मांडणीची मोठी करामत. मात्र दाखवायचा संग्रह वेगळा आणि अभ्यासाचा वेगळा, ही वाटणी तेव्हापासून पक्की झाली. एक लोकांचे डोळे उघडतो, दुसरा खणात पडून राहून काम करतो.

याच दालनात १९२६ मध्ये तिशीला टेकलेला एक तरुण मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून लागला. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक वेगळीच चिमणी घेऊन तो मिलार्डसाहेबांकडे आला होता. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मिलार्डनी त्याला हाकलले नाही. खण उघडून पक्षी दाखवले, नमुना कसा करायचा ते शिकायची सोय केली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. व्याख्यात्याची नोकरी सोडून ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकून आले, तोवर इकडे पदच रद्द झालेले. मग किहीमला समुद्राकाठी राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. आणि त्यानंतर एक मार्ग काढला. संस्थानांना प्रस्ताव पाठवायचे : तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करतो, पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि वाहतुकीचा खर्च द्या.

पहिल्या काही होकारांत निजामाचा होकार होता. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पक्षी पाहणी झाली आणि ती जर्नलात क्रमशः छापून आली. नमुन्यांवर इंग्लंडमधले तज्ज्ञ ह्यू व्हिसलर यांनी टिपा लिहिल्या. बीड तेव्हा याच संस्थानातले. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा अभ्यास आज कोणालाही सुरू करायचा असेल, तर पहिले पाऊल या पाहणीवरच ठेवावे लागते. तिच्या आधी जवळपास काळोख आहे. सालिम अलींचे मोठेपण सांगताना पुरस्कारांची यादी देण्याची पद्धत आहे. मला त्यांचे मोठेपण त्या बिनपगारी बैलगाडीच्या मुक्कामांत जास्त दिसते.

जमवणे एक आणि लावून ठेवणे दुसरे. हे दुसरे काम करणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. हुमायून अब्दुलली हे मुंबईतले व्यापारी आणि पट्टीचे पक्षितज्ज्ञ. त्यांनी संस्थेतला एकेक पक्षी हातात घेऊन, मोजून, चिठ्ठी वाचून त्यांची सूची करायला घेतली. १९६८ मध्ये जर्नलात तिचा पहिला भाग आला आणि शेवटचा १९९६ मध्ये. अठ्ठावीस वर्षे. दरम्यान १९६५ मध्ये संस्था हॉर्नबिल हाऊस या स्वतःच्या वास्तूत आली होती. आज संगणकावर खणांची माहिती भरणाऱ्या मुलामुलींच्या कामाखालचा पाया अब्दुललींच्या त्या सूचीचा आहे.

आता खानदेशकडे परत येतो, कारण चिठ्ठीचे मोल पटवणारी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. रानपिंगळा ही घुबडाची छोटी जात. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी तिचे वर्णन केले. जगभरातल्या संग्रहांत मिळून तिचे मोजून सात अस्सल नमुने. त्यांतले काही डेव्हिडसनने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशात मिळवलेले. शेवटचा अस्सल नमुना १८८४ चा. त्यानंतर एकच पुरावा : कर्नल रिचर्ड माइनरत्झागन यांनी १९१४ मध्ये तापीकाठी मांडवीला मिळवला म्हणून दिलेला नमुना. माइनरत्झागन म्हणजे लष्करी वलय असलेले, हजारो पक्षी ब्रिटिश म्युझियमला दान करणारे बडे प्रस्थ. डिलन रिप्लेंसारख्या तज्ज्ञांनीही रानपिंगळा शोधून पाहिला, पण मिळाला नाही. जात नामशेष झाली असे धरून चालले होते.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासक बाईंना त्या नमुन्याचा संशय आला. त्यांनी त्याची क्ष-किरणांनी तपासणी केली. आतले भरण आणि शिवण उकलून पुन्हा केलेली निघाली. मूळची बांधणी माइनरत्झागनच्या हातची नव्हतीच, ती डेव्हिडसनच्या हातची होती. म्हणजे संग्रहालयातलाच पक्षी चोरायचा, पुन्हा शिवायचा आणि त्याला स्वतःच्या नावाची, खोट्या गावाची चिठ्ठी बांधून परत द्यायचा! एका खोट्या चिठ्ठीने शोध चुकीच्या दिशेला नेला होता. रासमुसेननी मांडवी बाजूला ठेवली, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे घेतली आणि बेन किंग यांच्यासह त्या शोधाला निघाल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. डेव्हिडसनने आपल्या चिठ्ठीवर गाव खरे लिहिले होते म्हणून.

उलटी बाजूही सांगायला हवी. एवढे पक्षी मारले ते योग्य होते का, हा प्रश्न आजचा विद्यार्थी विचारतो आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. त्या काळचे संग्राहक आजच्या हिशेबाने सढळ हाताने बंदूक चालवत. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवानगीशिवाय असा नमुना घेणे गुन्हाच आहे. जानेवारी १९८६ मध्ये संस्थेच्या भारत भूषण यांच्या शोधाला यश येऊन आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात जेर्डनचा धाविक पुन्हा मिळाला. ऐतन्ना नावाच्या स्थानिक माणसाने तो रात्री हाताने पकडला होता. पण १९०० नंतर पहिल्यांदा दिसलेला तो पक्षी जगला नाही, आणि आता तो संस्थेच्या खणात आहे. आनंद आणि हळहळ एकाच नमुन्यात.

पण जे मारून झाले आहेत ते पुन्हा पुन्हा उपयोगी पडतात, हेही खरे. संग्राहकांनी कल्पनाही केली नव्हती असे उपयोग. इंग्लंडमध्ये बहिरी ससाणे एकाएकी कमी झाले तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतली जुनी अंडी काढून त्यांची कवचे तपासली. १९४७ च्या सुमारापासून कवच पातळ झालेले दिसले, आणि बोट डीडीटीकडे गेले. आज जुन्या कातडीच्या पायाच्या गादीचा सुईच्या टोकाएवढा तुकडा डीएनएसाठी पुरतो. मुंबईतल्या खणांत पुढच्या पन्नास वर्षांत कोणते प्रश्न सुटतील ते आज कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच डांबरगोळ्या वेळच्या वेळी बदलणाऱ्या परिचरालाही मी संशोधकच समजतो.

जपण्याची कला आपल्या जिल्ह्याला परकी नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. कापडाच्या पटावर वेदान्त लिहून काढलेला सोळाव्या-सतराव्या शतकातला हा ऐवज चारशे वर्षे टिकला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तो सांभाळला. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांतून निघणारे सातवाहनकालीन मणी, मृण्मूर्ती, नाणी आयुष्यभर गोळा केली. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तिथे आहे आणि ते प्रत्येकाने पाहावे. त्यांनी हात घातला नसता तर हा माल कुठे गेला असता ते सांगायला नको. तरी उत्खननतज्ज्ञ तिथेही तोच प्रश्न विचारतो : कोणत्या थरातला? पक्ष्याला गाव आणि तारीख, तसा मण्याला थर.

सोसायटीचा संग्रह अभ्यासकांना खुला आहे. विषय कळवून, रीतसर परवानगी घेऊन जावे लागते. ग्रंथालय आणि जर्नलाचे सगळे अंक तिथेच आहेत. बीडहून रात्रीच्या एसटीने निघालेला विद्यार्थी सकाळी तिथे पोचू शकतो. जाताना हैदराबाद पाहणीचे भाग वाचून जावे, म्हणजे कोणता खण उघडायला सांगायचा ते कळेल.

आणि इथे जिल्ह्यात करण्यासारखे एक काम आहे, त्याला मुंबईला जायची गरज नाही. आपल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र विभागांत फॉर्मलिनच्या बरण्यांमध्ये साप आहेत, वर्तमानपत्रात दाबलेल्या वनस्पती आहेत, टाचणीला लावलेली फुलपाखरे आहेत. बहुतेकांच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या आहेत, काहींच्या गळून पडल्या आहेत. तो साप कोणत्या गावशिवारातला आणि कोणत्या साली आणला, हे ज्या सरांना आठवते ते निवृत्त होऊन गावातच राहतात. त्यांच्याकडे वही आणि पेन्सिल घेऊन जा. पेन्सिलच न्या, शाई दमटपणात उडते. माजलगाव धरणावर हिवाळी पाहुण्यांचे फोटो काढणाऱ्यांनी, नायगावच्या मोरांची मोजदाद करणाऱ्यांनी, माळावरचे काळवीट रोज पाहणाऱ्या शेतकऱ्यांनीही एवढे करावे : प्रत्येक फोटोमागे, प्रत्येक टिपणाखाली गाव, तारीख आणि स्वतःचे नाव लिहावे. या स्मरणिकेची शेवटची दोन पाने त्यासाठीच कोरी ठेवायला मी संपादकांना सांगितले आहे. ती भरा आणि त्यांची एक छायाप्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या.